जेनेसिस नेमकं कधी संपलं?

इंग्लंडातल्या पबमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या चार इंजिनियरांना भांडायला लावायचं असेल तर राजकारण, फुटबॉल वगैरे काही लागत नाही. "जेनेसिस नेमकं कधी संपलं?" एवढं विचारावं आणि आपला ग्लास घेऊन जरा मागे सरकून बसावं. एकजण म्हणणार १९७५. दुसरा म्हणणार १९७७. तिसरा जरा उदार असतो, तो १९८० पर्यंत यायला तयार होतो. चौथा बिचारा हळूच सांगतो की मला १९८६ चा 'इनव्हिजिबल टच' आवडतो, आणि मग बाकीचे तिघे आपापसातलं भांडण विसरून त्याच्यावर तुटून पडतात.

मी गेली वीसेक वर्षं गिल्डफर्डला राहतो. इथून रेल्वेने दहा मिनिटांवर गोडाल्मिंग आहे, तिथल्या टेकडीवर चार्टरहाउस नावाची श्रीमंतांची जुनी शाळा आहे. १९६७ साली त्या शाळेतल्या पोरांनी हा बँड काढला. तिथून आणखी दक्षिणेला चिडिंगफोल्ड गावाजवळ एक फार्म आहे, तिथे त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. आणि सरेची हद्द ओलांडून हॅम्पशायरमध्ये शिरलं की हेडली ग्रेंज नावाचं घर, जिथे १९७४ साली त्यांचा सगळ्यात गाजलेला दुहेरी अल्बम रचला गेला. म्हणजे पंढरपूरच्या माणसाला विठोबावर बोलायचा जेवढा अधिकार, तेवढा मला जेनेसिसवर बोलायचा आहे असं समजा :-)

आपल्याकडे हा बँड फारसा कुणाला माहीत नसतो. फिल कॉलिन्स मात्र माहीत असतो. सांगलीला हॉस्टेलवर असताना आमच्याकडे त्याची एक कॅसेट होती, 'अनदर डे इन पॅरॅडाइज' असलेली. रेकॉर्ड करून आणलेली, कव्हरवर बॉलपेनने नाव लिहिलेलं. हा माणूस मूळचा ड्रमर आहे, एका बँडमध्ये आहे आणि त्या बँडचे जुने भक्त त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, हे मला इथे आल्यावर कळलं. आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कळवलं. (इथे साठीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारायची. मला त्याची सवय व्हायला दोन वर्षं लागली.) तो त्या पहिल्या गटातला, १९७५ वाला.

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर भांडण कळणार नाही.

१९७१ ते १९७४ या काळात बँडमध्ये पाचजण होते. गायक पीटर गेब्रिएल, कीबोर्डवर टोनी बँक्स, बेसवर माइक रदरफोर्ड, गिटारवर स्टीव्ह हॅकेट, ड्रमवर फिल कॉलिन्स. गेब्रिएल कोल्ह्याचा मुखवटा घालून, बायकोचा झगा चढवून रंगमंचावर यायचा. गाणी दहा-दहा मिनिटांची. १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' मधलं 'सपर्स रेडी' तर तेवीस मिनिटांचं आहे. १९७५ साली गेब्रिएलने बँड सोडला. सगळ्यांना वाटलं, संपलं. शेवटी ड्रमरच गायला लागला, आणि १९७६ साली एकाच वर्षात दोन उत्तम अल्बम आले. १९७७ साली हॅकेट गेला. उरले तीन. त्यांनी पुढच्या अल्बमचं नावच 'अँड देन देअर वेअर थ्री' असं ठेवलं. आणि मग एकेकाचे स्वतंत्र उद्योग सुरू झाले. १९८१ साली कॉलिन्सचा पहिला स्वतःचा अल्बम आला, त्यात 'इन द एअर टुनाइट' होतं आणि ते जगभर वाजलं. रदरफोर्डने १९८५ साली 'माइक अँड द मेकॅनिक्स' काढलं. बँक्स स्वतःचे अल्बम काढत राहिला, ते कुणी फारसे घेतले नाहीत. आणि इकडे जेनेसिस दिवसेंदिवस अधिक लोकप्रिय, अधिक छोटं, अधिक गुळगुळीत होत गेलं. १९८७ च्या जुलैत त्यांनी वेम्ब्ली स्टेडियम चार रात्री भरवलं.

जुन्या भक्तांचं म्हणणं असं की हे बाजूचे धंदे नडले. चांगल्या चाली स्वतःच्या अल्बमला आणि उरलेला गाळ बँडला. शिवाय कॉलिन्सच्या अल्बमचा गोडवा बँडमध्ये झिरपला. घर सांभाळायचं सोडून बाहेर दुकान मांडलं की घराचं असंच होतं, वगैरे.

यातला झिरपण्याचा मुद्दा मला मान्य आहे. १९८१ च्या 'अबाकॅब' मध्ये 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचे पितळी वाद्यं वाजवणारे येतात, तेच त्याच वर्षी कॉलिन्सच्या अल्बमवरही आहेत. १९८६ साली रेडिओवर गाणं लागलं तर ते जेनेसिसचं की एकट्या कॉलिन्सचं हे सांगणं कठीण होतं. पण 'बाजूच्या उद्योगांमुळे बँड उतरला' हे जे मुख्य आरोपपत्र आहे, ते तारखा लावून पाहिलं की टिकत नाही. आम्ही इंजिनियर लोक, बिघाड झाला की आधी लॉग काढून बसतो.

हॅकेटचा स्वतःचा पहिला अल्बम १९७५ चा आहे. तो बँडमध्ये असतानाचा. त्यावर कॉलिन्स आणि रदरफोर्ड दोघेही वाजवतात. त्याच सुमारास कॉलिन्स 'ब्रँड एक्स' नावाच्या जाझच्या अंगाने जाणाऱ्या बँडमध्ये ड्रम बडवत होता. आणि लगेच पुढच्या वर्षी जेनेसिसचे ते दोन उत्तम अल्बम. १९७९ साली बँक्सने स्वतःचा अल्बम केला, रदरफोर्डचा १९८० च्या सुरुवातीला आला, आणि त्याच १९८० मध्ये आलं 'ड्यूक'. इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा हा पहिला अल्बम, आणि माझ्या मते तिघांच्या काळातला सर्वोत्तम. कॉलिन्सचा संसार तेव्हा मोडला होता. घरी एकटाच बसून तो गाणी करत होता, त्यातली दोन 'ड्यूक' मध्ये आहेत. म्हणजे बाहेरचं सामान घरात आलं आणि घर उजळलं.

आता उलट बाजू पाहा. १९९६ साली कॉलिन्सने बँड सोडल्याचं जाहीर झालं. बँक्स आणि रदरफोर्डने रे विल्सन हा नवा गायक घेऊन १९९७ साली 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' काढला. ज्याच्या दुसऱ्या दुकानामुळे बँड बिघडतो असा सगळ्यांचा आरोप, तो माणूसच आता नव्हता. मग हा अल्बम उत्तम व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांच्या प्रौढ काळातला तो सगळ्यात कंटाळवाणा अल्बम आहे. अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला. विल्सनचा यात काही दोष नाही, त्याचा आवाज चांगला आहे.

मग उतरण खरी कशाने लागली? माझं मत असं की भांडणं संपली म्हणून.

पाचजण होते तेव्हा प्रत्येकजण आपापली रचना घेऊन यायचा आणि ती अल्बममध्ये बसवण्यासाठी बाकीच्यांशी झगडायचा. हॅकेट गेला तो याच कारणाने. त्याची 'प्लीज डोन्ट टच' ही रचना बँडने बाजूला ठेवली, ती त्याने पुढे स्वतःच्या अल्बमला घेतली आणि अल्बमला तेच नाव दिलं. बँक्स हा हट्टी माणूस, गेब्रिएल त्याहून हट्टी. या ओढाताणीतूनच ती विचित्र, लांबलचक, मध्येच वळण घेणारी गाणी झाली. उरलेल्या तिघांचं मात्र छान जमत होतं. ते चिडिंगफोल्डच्या स्टुडिओत रिकाम्या हातांनी जायचे, ताल लावायचे, तासन्‌तास वाजवत बसायचे आणि त्यातलं जे तिघांनाही बरं वाटेल ते ठेवायचे. १९८३ च्या अल्बमपासून प्रत्येक गाण्यावर तिघांचं नाव. पहिल्यांदा ही पद्धत फळली. 'मामा' हे गाणं रदरफोर्डने ड्रम मशीनवर लावलेल्या एका तालातून उगवलं आणि ते आजही अंगावर येतं. पण तिघांनाही बरं वाटेल ते म्हणजे हळूहळू कुणालाच न टोचणारं. ज्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये एकही माणूस हरकत घेत नाही, तिथून काय बाहेर पडतं ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. १९९१ चा 'वी कान्ट डान्स' ऐकताना मला तशा मीटिंगची आठवण येते. सगळं नीट, सगळं वेळेवर, आणि मधली चार गाणी नसती तरी चाललं असतं.

त्यात एक गंमत अशी की भक्तांचा देव म्हणजे गेब्रिएल, त्यानेच ही बाहेरख्याली आधी केली. १९७४ साली हेडली ग्रेंजमध्ये अल्बमची जुळणी चालू असताना 'द एक्झॉर्सिस्ट' चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने त्याला सिनेमाच्या कामासाठी बोलावलं आणि गेब्रिएल बँड टाकून निघाला. ते काम काही झालं नाही, तो परत आला. त्याच वर्षी त्याची पहिली मुलगी झाली, बाळाची प्रकृती गंभीर होती, आणि तो इस्पितळ ते स्टुडिओ धावत असताना बाकीच्यांना त्याची फारशी फिकीर नव्हती. पुढे त्यांनी ते मोकळेपणाने कबूलही केलं. त्याने बँड का सोडला याचं याहून वेगळं कारण मला तरी शोधावंसं वाटत नाही. आणि १९८६ च्या जुलैत अमेरिकेच्या यादीत 'इनव्हिजिबल टच' ला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं ते गेब्रिएलच्या 'स्लेजहॅमर' ने! ते नाचायला लावणारं गाणं आहे, त्यातही पितळी वाद्यं आहेत. पण गेब्रिएलने केलं की प्रयोग आणि कॉलिन्सने केलं की विकला गेला.

रदरफोर्डचं 'द लिव्हिंग इयर्स' हे गाणं तर मी या वादात हुकमाच्या पानासारखं ठेवतो. त्याचे वडील नौदलात अधिकारी होते. १९८६ साली ते वारले तेव्हा मुलगा जेनेसिसबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. बापाशी बोलायचं राहून गेलं, अशा आशयाचं ते गाणं. शब्दांत बी. ए. रॉबर्टसनचा वाटा आहे, त्याचेही वडील नुकते गेले होते. १९८९ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जेनेसिसच्या कुठल्याही अल्बममध्ये ते बसलं नसतं. तिथे एकाचं दुःख तिघांनी वाटून घ्यायची रीत होती आणि हे दुःख वाटून घेण्यातलं नव्हतं. भक्तांचं ऐकून रदरफोर्ड फक्त बँडशी एकनिष्ठ राहिला असता तर हे गाणं झालंच नसतं. रात्री-अपरात्री भारतातला फोन वाजला की छातीत धस्स होणाऱ्या आम्हा लोकांना ते गाणं सोसवत नाही. मी ते गाडीत लागलं तर बंद करतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, गोऱ्यांच्या बँडचं आम्हाला काय. तर मंडळी, आपल्या नाटकमंडळ्यांचा इतिहास काढून पाहा. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा किर्लोस्करांच्या भक्तांनी काय कमी बोटं मोडली असतील? मग टेंब्यांनी गंधर्व मंडळी सोडली आणि स्वतःची शिवराज मंडळी काढली. 'मानापमान' च्या चाली बांधणारा माणूस गेला. पुढे मास्टर कृष्णराव 'प्रभात' मध्ये गेले. खुद्द बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा' मध्ये एकनाथ झाले, कृष्णरावांच्याच संगीतावर. आयुष्यभर शालू-शेल्यात पाहिलेला माणूस पडद्यावर पुरुषवेषात! आमच्या आजोबांच्या पिढीत यावरून घराघरांत वाद होत. आणि बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहावं की नाही, हा वाद तर त्यांच्या मागेही चालू राहिला. आमचे आजोबा 'थांबायला हवं होतं' या पक्षाचे. आजी म्हणायची, तिकीट काढून जाणारे तुम्हीच ना?

'संयुक्त मानापमान' तर सगळ्यांना ठाऊक आहे. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर. त्याचा इंग्लिश भाऊ शोभेल असा प्रयोग २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स इथे झाला. गेब्रिएलने त्या उन्हाळ्यात जगभरच्या संगीताचा 'वोमॅड' महोत्सव भरवला होता आणि त्यात तो कर्जात बुडाला. जुन्या बँडने एका रात्रीसाठी त्याला पुन्हा गायक म्हणून घेतलं, सगळी मिळकत कर्ज फेडायला दिली. धो धो पाऊस. गेब्रिएल शवपेटीत झोपून रंगमंचावर आला. शेवटी हॅकेटही येऊन दोन गाणी वाजवून गेला. सोडून गेलेल्याचं कर्ज फेडायला मागे राहिलेले धावले, यावर भक्त मंडळी फारशी बोलत नाहीत. तो वोमॅड जगला म्हणून १९८५ साली नुसरत फतेह अली खाँ तिथे गायले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना कळले. म्हणजे बाजूच्या धंद्याने कुणाकुणाला काय दिलं याचा हिशोब मांडायचा तर तो बराच लांब जाईल.

शेवटचा दौरा २०२१-२२ चा. मध्ये ग्लासगोला कोविडने अडवलं आणि लंडनचे तीन कार्यक्रम मार्च २०२२ वर गेले. त्या आमच्या निवृत्त सहकाऱ्याने दोन तिकिटं काढली आणि मला घेऊन गेला. कॉलिन्सला चाळीस वर्षं शिव्या घालणारा माणूस! मी काही बोललो नाही. कॉलिन्स काठी टेकत आला आणि खुर्चीवर बसला. मणक्याच्या दुखण्यामुळे त्याला ड्रम वाजवता येत नव्हते, ड्रमवर त्याचा विशीतला मुलगा निक होता. आवाज खाली आणलेला, गाण्यांच्या पट्ट्याही उतरवलेल्या. आमच्या पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालंच, हे बघवत नाही. आमचा माणूस एरवी याच वाक्याची वाट बघत असतो, पण तो गप्प. शेवटचं गाणं 'द कार्पेट क्रॉलर्स', १९७४ चं, गेब्रिएलच्या काळातलं. ते संपल्यावर बाहेर येताना तो एवढंच म्हणाला, "मूळ रेकॉर्डवर ड्रम यानेच वाजवलेत, विसरलोच होतो."

विसरलेला नव्हता. त्याच्याकडे ती रेकॉर्ड तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत आहे. पण भक्तांचं असं होतं खरं. ज्या चार अल्बमांची ते पोथीसारखी पारायणं करतात, त्या चारही अल्बमांवर ड्रम कॉलिन्सचे आहेत, मागचे आवाज त्याचे आहेत, आणि १९७१ व १९७३ च्या अल्बमांत एकेक गाणं तर तो एकटा गायलाय. खलनायक पहिल्या अंकापासून रंगमंचावरच होता. २६ मार्चच्या अखेरच्या रात्री गेब्रिएल प्रेक्षकांत येऊन बसला होता, त्याला बहुधा ते आठवत असावं.

हा वाद आता पुढच्या पिढीकडे गेलाय. आमच्या टीममधली तिशीतली पोरं रेडिओहेडवरून असंच भांडतात. २०१६ नंतर थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड यांनी 'द स्माइल' या दुसऱ्या बँडचे तीन अल्बम काढले, मूळ बँड मात्र २०१८ नंतर थेट २०२५ च्या नोव्हेंबरात रंगमंचावर आला, तोही जुनीच गाणी घेऊन. एक मुलगी तावातावाने म्हणत होती की यांनी सगळं चांगलं सामान तिकडे वापरून टाकलं. मी तिला 'ड्यूक' ची तारीख सांगितली. तिने विचारलं, ड्यूक कोण?

असो. ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) पासून सुरुवात करावी, तेही रात्री दिवे घालवून. मग 'ड्यूक' ऐकावा. त्यानंतर गेब्रिएलचा १९८९ चा 'पॅशन', त्यात एल. शंकर यांचं व्हायोलिन आहे, ते आपल्या कानांना लगेच ओळखीचं वाटेल. हॅकेटने पुढे जुनी जेनेसिसची गाणी घेऊन वर्षानुवर्षं दौरे केले, त्यांची रेकॉर्डिंगही मिळतात. ती सुंदर वाजवलेली आहेत आणि माझा सहकारी म्हणतो की खरं जेनेसिस तेच. 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' वाटेला न गेलात तरी चालेल. कुणाला हवाच असेल तर माझ्याकडची सीडी फुकट देतो, पोस्टाचा खर्चही माझा.